टॅलिएसिन वेस्ट आणि कॉफमन हाउस: वाळवंटात मिसळणारं घर नक्की कोणतं?

इन्स्टावर 'डेझर्ट मॉडर्न' टाकलं की दोन घरं हमखास एकामागोमाग येतात, एक ॲरिझोनातलं टॅलिएसिन वेस्ट आणि दुसरं कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जला असलेलं कॉफमन हाउस, आणि दोन्हीखाली कॅप्शन तेच, वाळवंटाशी एकरूप झालेलं घर वगैरे. दोन्ही बुटकी, आडवी पसरलेली, दगडाच्या भिंती, मागे उघडेबोडके डोंगर, त्यामुळे गल्लत होणं साहजिकच आहे. पण खरं तर यातलं एकच मिसळतं. दुसरं मुद्दाम वेगळं उठून दिसतं आणि आर्किटेक्टला तेच हवं होतं.

टॅलिएसिन वेस्ट हे अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटचं. १९३७ मध्ये त्याने स्कॉट्सडेलजवळ मॅकडॉवेल डोंगरांच्या पायथ्याशी जागा घेतली आणि स्वतःचं हिवाळ्यातलं घर, स्टुडिओ आणि शिकाऊ पोरांची शाळा असं सगळं एकत्रच काढलं, आणि बांधायलाही तीच पोरं. त्या भिंती कशा केल्या ते मला फार आवडतं. लाकडी शटरिंग उभं करायचं, आसपास पडलेले दगड गोळा करून त्यांची सपाट बाजू बाहेरच्या फळीला टेकेल असे लावायचे, आणि मध्ये सिमेंट आणि तिथल्याच वाळूचा माल ओतायचा. माल दगडाच्या तोंडावर येऊन तो झाकला जाऊ नये म्हणून फळी आणि दगडाच्या मध्ये वर्तमानपत्राचे ओले बोळे कोंबायचे. शटरिंग निघालं की तांबूस, जांभळट, करडे दगड जसेच्या तसे समोर, म्हणजे रंग कुठला द्यायचा हा प्रश्नच उरत नाही, मागच्या डोंगराचा जो रंग तोच भिंतीचा. शिवाय भिंती सरळसोट उभ्या नाहीत, खाली रुंद आणि वर निमुळत्या, त्यामुळे त्या मागच्या उतारातूनच निघाल्यासारख्या वाटतात. वर तेव्हा रेडवुड लाकडाच्या तुळया आणि त्यावर चक्क पांढरं कॅनव्हास, त्यातून गाळून येणारा मऊ उजेड. पाऊस आला की गळायचं ते वेगळं.

आता कॉफमन हाउस. एडगर कॉफमन हा पिट्सबर्गचा डिपार्टमेंट स्टोअरवाला, आणि गंमत म्हणजे धबधब्यावरचं ते जगप्रसिद्ध घर, फॉलिंगवॉटर, त्याने राइटकडूनच बांधून घेतलं होतं. पण वाळवंटातल्या घरासाठी मात्र तो आर्किटेक्ट रिचर्ड न्यूट्राकडे गेला, जो १९२०च्या दशकात काही काळ राइटच्याच हाताखाली काम करून गेलेला (राइटला किती गोड वाटलं असेल याची कल्पना करा). १९४६-४७ मध्ये घर झालं. स्टील, काच, सपाट छप्परं, मधल्या हॉलपासून चार दिशांना गेलेले चार हात. शहराच्या नियमात वर मजला बसत नव्हता म्हणून गच्चीवर नुसती बसायची जागा केली आणि तिला ॲल्युमिनियमच्या उभ्या फिरत्या पट्ट्यांचा आडोसा, ऊन आणि वाळूचा वारा आला की पट्ट्या फिरवायच्या. दगड आहे, पण तो आला युटा राज्यातल्या खाणीतून. १९९०च्या दशकात घराची डागडुजी झाली तेव्हा तसाच दगड मिळावा म्हणून तिथली बंद पडलेली खाण पुन्हा उघडायला लावली होती! पुढे निळाशार पूल आणि कापलेली हिरवळ. फोटोग्राफर ज्युलियस शुलमनने १९४७ मध्ये घेतलेला संध्याकाळचा फोटो बघा, डोंगर काळा पडत चाललेला आणि घर आतून उजळलेलं. त्या फोटोची सगळी मजाच फरकात आहे, घर डोंगरात विरघळलं असतं तर तो फोटो झालाच नसता.

बरं, नुसती हिरवळ ही खूण धरू नका, कारण टॅलिएसिन वेस्टलाही एक तिकोनी पाण्याचा हौद आणि लॉनचा तुकडा आहे. त्यापेक्षा दोन गोष्टी बघायच्या: सामान कुठून आलं, आणि भिंत जमिनीला टेकते तिथे काय दिसतं. राइटकडे भिंत आणि बाहेरची दगडमाती यांच्यात फरकच कळत नाही. न्यूट्राकडे जमिनीची आणि घराची रेघ सुरीने कापल्यासारखी स्वच्छ.

आणि मग पाम स्प्रिंग्जमध्येच आर्किटेक्ट अल्बर्ट फ्रायचं स्वतःचं घर आहे, फ्राय हाउस दोन, १९६४चं, जे हा हिशेब थोडा बिघडवतं. सामान बघाल तर न्यूट्राच्या गटातलं, काच आणि ॲल्युमिनियमचे पन्हाळी पत्रे. पण डोंगरावरचा एक अवजड खडक त्याने हलवलाच नाही, तो तसाच घरात ठेवला, खडकाच्या आकाराला धरून काच कापून बसवली, आणि तोच खडक बेडरूम आणि हॉलच्या मधला पडदा झाला. वसंतात उतारावर पिवळी फुलं येतात म्हणून पडदेही पिवळे! छोटंसं घर, पण मला विचाराल तर दोन्ही बड्यांपेक्षा हे जास्त भावतं.

अजून एक गैरसमज असतो, की मिसळणारं घर म्हणजे उन्हाळ्यात थंड राहणारं घर. असं काही नाही. टॅलिएसिन वेस्ट आणि कॉफमन हाउस दोन्ही थंडीतली घरं, राइट तर उन्हाळा लागला की सगळी मंडळी घेऊन विस्कॉन्सिन राज्यातल्या आपल्या मूळ घरी परत जायचा. जाड भिंत दिवसाची उष्णता धरून रात्री सोडते हे खरं, पण रात्र पुरेशी थंड असेल तरच त्याचा उपयोग. बारा महिने राहायचं असेल तर दिशा, लांब छज्जे आणि पश्चिमेला कमीत कमी काच हे बघावं लागतं, आणि तो वेगळाच विषय आहे.

हल्ली बिल्डर काय करतात, तर न्यूट्राचा काचेचा डबा घेतात, त्याला बेज रंग फासतात आणि राइटची कॅप्शन लावतात. स्कॉट्सडेलमध्ये वाळवंट आणि डोंगर जपायचा १९९१चा नियम आहे, त्या भागात बाहेरचा रंग ३५ टक्क्यांपेक्षा जास्त उजेड परावर्तित करणारा चालत नाही आणि आसपासच्या वाळवंटाशी जुळावा लागतो. नियम चांगलाच आहे, लांबून डोंगराकडे बघताना पांढरे ठिपके दिसत नाहीत. पण मूळ उतार सपाट करून, सग्वारो निवडुंग उपटून वर मातकट रंग दिला तर नुसता रंगच जुळतो. तो निवडुंग पहिल्या आठ वर्षांत इंच-दीड इंचच वाढतो म्हणे, त्यामुळे रीलमधलं घर बघताना आधी अंगणातले निवडुंग बघा, सगळे एकाच उंचीचे आणि आधाराला काठ्या लावलेले असतील तर ते नर्सरीतून आलेत.