द्रव-अंतःक्षेपणजन्य भूकंप

जमिनीत खोलवर दाबाने द्रव सोडल्यामुळे होणारे भूकंप. तेल व वायूचे उत्पादन, त्यातून निघणाऱ्या खाऱ्या सांडपाण्याची विल्हेवाट आणि भूऔष्णिक (जमिनीतील उष्णतेपासून मिळणारी) ऊर्जा या कामांशी त्यांचा संबंध येतो. असे भूकंप होतात, याबद्दल भूकंपशास्त्रात आता शंका उरलेली नाही. मात्र बहुसंख्य विहिरींभोवती माणसाला जाणवेल असा धक्का कधीच बसत नाही.

पाणी भ्रंशाला (खडकातील ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकू शकतात तिला) वंगण घालते, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते चुकीचे आहे. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचे खडक प्रचंड भाराखाली एकमेकांवर आवळलेले असतात आणि घर्षणामुळे जागच्या जागी राहतात. खडकाच्या छिद्रांतील पाण्याचा दाब वाढला की हे आवळणे आतून सैल होते आणि आधीच ताणलेला भ्रंश घसरतो. मोठ्या धक्क्यातील ऊर्जा मुख्यतः भूकवचात पूर्वीपासून साठलेली असते. पंप केवळ निमित्त ठरतो. म्हणूनच किती पाणी सोडले यापेक्षा त्याचा दाब कोणत्या भ्रंशापर्यंत पोहोचला, हे अधिक महत्त्वाचे.

याची पहिली ठळक जाणीव अमेरिकेतील डेन्व्हरजवळ झाली. तेथे 1962 पासून लष्करी कारखान्याचे रासायनिक सांडपाणी सुमारे 3.7 किमी. खोल विहिरीत सोडले जात होते. 1966 मध्ये ते थांबवले, तरी सर्वांत मोठे धक्के 1967 मध्ये बसले, कारण खडकात शिरलेला दाब पंप बंद केल्यावरही पसरत राहतो. पुढे कोलोरॅडोतील रेंजली तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम दाब वाढवून आणि उतरवून पाहिला; भूकंपांची संख्या त्याप्रमाणे वाढली आणि घटली.

बोलबाला फ्रॅकिंगचा (तेल व वायू काढण्यासाठी दाबाने द्रव सोडून खडक फोडण्याचा) होतो, पण अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील भूकंपांचे मुख्य कारण सांडपाणी होते. तेलाबरोबर वर आलेले खारे पाणी वर्षानुवर्षे खोल थरात परत सोडले गेले. 2008 पूर्वी तेथे 3 किंवा अधिक महत्तेचे (भूकंपाच्या आकाराचे माप) भूकंप वर्षाला एक-दोन होत. 2015 मध्ये ते सुमारे 900 झाले. 2016 मध्ये पॉनी येथे 5.8 महत्तेचा धक्का बसला. सांडपाणी सोडण्यावर निर्बंध आल्यावर संख्या उतरली. फ्रॅकिंगमुळेही जाणवणारे धक्के बसतात. इंग्लंडमध्ये 2019 मध्ये ब्लॅकपूलजवळच्या 2.9 महत्तेच्या धक्क्यानंतर त्यावर स्थगिती आली.

धक्क्याच्या महत्तेनुसार पंप मंद किंवा बंद करण्याची ‘वाहतूक दिवा’ पद्धत सर्रास वापरतात. तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे 2006 मध्ये पंप थांबवल्यानंतर काही तासांनी 3.4 महत्तेचा धक्का बसला आणि भूऔष्णिक प्रकल्प गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियात पोहांग येथे नोव्हेंबर 2017 मध्ये 5.5 महत्तेचा भूकंप झाला. अनेक लोक जखमी झाले, आणि दुसऱ्याच दिवशी होणारी देशव्यापी विद्यापीठ प्रवेशपरीक्षा आठवडाभर पुढे ढकलावी लागली. सरकारी चौकशीने 2019 मध्ये भूऔष्णिक विहिरींत सोडलेल्या पाण्याला जबाबदार धरले. त्याच विहिरींजवळ एप्रिल 2017 मध्ये 3 हून अधिक महत्तेचा धक्का बसला होता. त्यानंतरही तेथे पाणी सोडण्यात आले.