पिंजऱ्यातला अणू

नाशिक परिसरात विहीर खणताना काळ्या कातळात एखादी पोकळी लागली, की तिच्या भिंतींवर चमचमणारे स्फटिक दिसतात. पांडवलेणीच्या डोंगराजवळच्या खाणींतूनही असे नमुने निघाले आहेत आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते निवांत पाहता येतात. त्यांपैकी स्टिल्बाइट मला विशेष प्रिय आहे, कारण मधोमध आवळून बांधलेली आणि दोन्ही टोकांना फुललेली गव्हाची पेंढी असावी तसा तो दिसतो. हे झिओलाइट कुळातले खनिज आहे. ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंनी त्याचा सांगाडा उभा केलेला असतो आणि सांगाड्यातल्या पोकळ्यांत कॅल्शियम, सोडियम व पाणी वस्तीला असते.

अशीच पिंजऱ्यांची रचना काही धातूंच्या संयुगांतही आढळते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. स्वयंपाकघरातल्या पातेल्याच्या ॲल्युमिनियममध्ये प्रत्येक अणूला बारा शेजारी असतात. सगळे अणू एकाच आकाराचे असल्यामुळे ही मांडणी सहज जमते. पण त्यात लँथॅनम, सेरियम, प्रॅसिओडिमियम किंवा गॅडोलिनियम यांच्यासारखे दुर्मिळ मृदा गटातले मूलद्रव्य मिसळले, की हिशेब बदलतो. ॲल्युमिनियमच्या अणूची त्रिज्या ०.१४३ नॅनोमीटर, तर लँथॅनमची सुमारे ०.१८७ नॅनोमीटर आहे, त्यामुळे एवढ्या मोठ्या अणूला वेढायला बारा शेजारी पुरत नाहीत. एक गॅडोलिनियम आणि दोन ॲल्युमिनियम अशा प्रमाणाच्या संयुगात गॅडोलिनियमभोवती सोळा शेजारी असतात, बारा ॲल्युमिनियमचे आणि चार त्याच्याच जातीचे. एक सेरियम, चार लोह आणि आठ ॲल्युमिनियम अशा संयुगात ही संख्या वीसवर जाते.

माझ्या मते या साऱ्या कुळात सर्वांत देखणी रचना एकास दोनास वीस या प्रमाणाची आहे. प्रॅसिओडिमियम, टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम यांचे संयुग उदाहरणादाखल घेऊ. स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारी त्याची मूळ घनाकृती चौकट सुमारे १.४७ नॅनोमीटर लांबीची असून तिच्यात १८४ अणू मावतात : ८ प्रॅसिओडिमियमचे, १६ टायटॅनियमचे आणि १६० ॲल्युमिनियमचे. प्रत्येक प्रॅसिओडिमियम सोळा ॲल्युमिनियम अणूंच्या पिंजऱ्यात एकटा असतो. प्रत्येक टायटॅनियमभोवती बारा ॲल्युमिनियमचे वीस त्रिकोणी पृष्ठांचे किंचित विरूप कवच असते. हा आकार नुसता एकाला एक जोडून अवकाश भरू शकत नाही, मधे फटी राहतातच. त्या फटींची जागा इथे इतर पिंजरे घेतात. अशाच वीसपृष्ठी सममितीची खूण डॅन शेश्टमन यांना १९८२ साली वेगाने थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगनीज मिश्रधातूत दिसली होती. त्या शोधाला २०११ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

असे स्फटिक वाढवण्याची रीत सराफ बाजारातल्या कारागिराला परकी वाटणार नाही. मुशीत गरजेपेक्षा पुष्कळ जास्त ॲल्युमिनियम घेऊन त्यात बाकीचे धातू विरघळवायचे आणि भट्टी अतिशय सावकाश थंड करायची. हाती येतो एक राखाडी गोळा. तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवला, की हायड्रोजनचे बुडबुडे फसफसू लागतात, जास्तीचे ॲल्युमिनियम विरघळून जाते आणि तळाशी सपाट, लखलखीत पृष्ठांचे छोटे स्फटिक उघडे पडतात. पुढे क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांतल्या अणूंच्या जागा ठरवल्या जातात.

या पिंजऱ्याची सममिती थेट आतल्या अणूच्या वागण्यात उतरते. अतिशीत अवस्थेत प्रॅसिओडिमियमचे चुंबकत्व जवळजवळ मिटते आणि उरतो तो त्याच्या इलेक्ट्रॉन-मेघाचा आकार. सुमारे २ केल्विनला, म्हणजे उणे २७१ अंश सेल्सिअसला, सर्व अणूंचे हे आकार शिस्तीने लागतात आणि ०.२ केल्विनच्या आसपास तेच संयुग अतिवाहक होते, म्हणजे त्यातून वीज विनाअडथळा वाहू लागते. निव्वळ रासायनिक सूत्र वाचून यातले काहीही सांगता आले नसते.

झिओलाइट तापवला, की त्यातले पाणी बाहेर पडते. म्हणूनच १७५६ साली स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी या खनिजांना ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे नाव दिले. धातूच्या पिंजऱ्याला मात्र तशी वाट नाही, स्फटिक घडताना आत आलेला अणू तिथेच राहतो. व्हॅनेडियम आणि ॲल्युमिनियमच्या अशाच रचनेत दुर्मिळ मृदा मूलद्रव्याच्या जागी गॅलियमचा लहान अणू बसवला, तर त्याला पिंजरा सैल पडतो आणि तो आत खुळखुळ्यातल्या खड्यासारखा हलत राहतो. ही हालचाल त्या स्फटिकाच्या उष्माधारकतेत, म्हणजे त्याचे तापमान वाढवायला किती उष्णता लागते त्यात, स्पष्ट मोजता येते.