सलूनचे आरसे आणि विहिरीचं टीपॉय

"सलूनमध्ये समोरासमोर आरसे असतात ना, तसेच टीपॉयमध्ये बसवा. त्यात एवढं काय!" सदाशिव पेठेतल्या एका काकांनी मला सुनावलं. कुठेतरी त्यांनी तसलं टीपॉय पाहिलं होतं: काचेखाली दिव्यांच्या ओळी खोल खोल उतरत जातात, जणू फरशी फोडून कोणी विहीर खणली आहे. आमच्या मिस्त्रींनीही मान डोलावली. इथेही दोन आरसे, तिथेही दोन आरसे.

काकांचं ऐकलं असतं तर काहीच दिसलं नसतं. दोन्ही आरशांची तोंडं आत, म्हणजे वर राहिली असती आरशाची रंगवलेली पाठ. दिवे आत, डबा बंद.

खरा प्रश्न आहे तो डोळा कुठे आहे याचा. सलूनमध्ये तुम्ही दोन आरशांच्या मधे बसलेले असता. समोर चेहरा, त्यामागे पाठमोरं डोकं, मग पुन्हा चेहरा. पण ही रांग शेवटपर्यंत कधीच दिसत नाही, कारण मधे आपलंच डोकं येतं. जरा मान वाकडी केली की रांग उघडते (आणि "साहेब, मान सरळ" हेही ऐकावं लागतं). आरसे बरोबर समांतर नसतात, म्हणून ती एका बाजूला वळत जाते, आणि खोलवर हिरवट दिसते. साध्या काचेत लोहाचा अंश असतो. एकदा बघताना तो जाणवत नाही, पण प्रकाश दहा वेळा काचेतून ये-जा करून आला की हिरवी छटा साचते.

टीपॉयमध्ये डोळा बाहेर असतो. खाली पूर्ण आरसा आणि वर अर्धा आरसा, म्हणजे थोडा प्रकाश परत पाठवणारी आणि थोडा बाहेर सोडणारी काच. मधे एलईडीची पट्टी. दर फेरीला थोडा प्रकाश वरून निसटून आपल्यापर्यंत येतो, आणि प्रत्येक फेरीची ओळ आधीच्यापेक्षा खोल दिसते. समजा वरची काच 70 टक्के प्रकाश परत पाठवते आणि खालचा आरसा 90 टक्के. मग एका फेरीनंतर 63 टक्के उरतो आणि पाच फेऱ्यांनंतर जेमतेम 10. म्हणून विहिरीला तळ नसला तरी ती अंधारात विरते. वरची काच जास्त परावर्तक घेतली तर विहीर खोल जाते, पण वरच्या, जवळच्या ओळी मंद होतात.

पट्टी तापकीर गल्लीतून आणली: 12 व्होल्टची, 5 मीटरची गुंडाळी. पोकळी 5 सेंटिमीटर ठेवली होती. पट्टी बरोबर मधोमध असती तर ओळी 5-5 सेंटिमीटरवर सारख्या दिसल्या असत्या. मिस्त्रींनी ती खालच्या आरशाला खेटून चिकटवली आणि ओळी जोडीजोडीने दिसायला लागल्या. "डबल दिसतंय मॅडम, भारीच की," म्हणाले. काकांना ते चाललं नाही. पट्टी उखडून पुन्हा लावली.

आणखी एक घोटाळा: या वरच्या काचेला लोक 'एकतर्फी काच' म्हणतात. काच एकतर्फी नसतेच, ज्या बाजूला उजेड कमी तिथून पलीकडचं दिसतं. फ्लॅटच्या खिडकीला चकचकीत फिल्म लावणाऱ्यांना हे रात्री कळतं: घरात ट्यूबलाइट, बाहेर अंधार, आणि समोरच्या बिल्डिंगला आपला हॉल दिसतो. टीपॉयचंही तेच. एप्रिलच्या दुपारी पडदे उघडे असले की विहीर गायब आणि आपली हनुवटी तेवढी दिसते.

म्हणून मी काकांना हॉलमधला अंधारा कोपरा सुचवला होता. टीपॉय तिथेच आहे. काकूंनी त्यावर क्रोशाचं टेबलक्लॉथ घातलंय, काचेवर ओरखडे पडतात म्हणून.