सर्व्हरला स्वतःचंच नाव सापडत नाही तेव्हा

डिस्कवर जागा आहे, मेमरी आहे, लागणारी पॅकेजेसही आहेत. तरी ओरॅकल या डेटाबेसचं इन्स्टॉलेशन ‘पीआरव्हीएफ-०००२’ ही चूक दाखवून अडतं: स्थानिक नोडचं नाव मिळालं नाही. म्हणजे ज्या मशीनवर ते चाललंय, त्याच मशीनचं नाव! खापर डेटाबेसवर फुटतं, पण हा घोळ डेटाबेसपेक्षा जुना आहे.

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या काळात सगळ्या मशीनची नावं आणि पत्ते एकाच मजकूर-फाइलमध्ये असत. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. मशीन वाढली तशी ही पद्धत पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याचा, आराखडा मांडला. आज चालणारं त्याचं रूप १९८७ चं. फाइल मात्र गेली नाही. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ती ‘इटीसी’ डिरेक्टरीतली होस्ट्स फाइल म्हणून राहिली, आणि ‘या नावाचा पत्ता काय?’ या एका प्रश्नाला उत्तर देणारे दोघे झाले: फाइल आणि डीएनएस.

आधी कोणाला विचारायचं हे ठरवायला सोलारिस या युनिक्समध्ये ‘एनएसस्विच’ नावाची फाइल आली. लिनक्सनेही ती उचलली. खरी गंमत इथे आहे. नाव तपासायची ‘एनएसलुकअप’ ही कमांड थेट डीएनएसला विचारते, होस्ट्स फाइलकडे बघतही नाही. इन्स्टॉलर विचारतो सिस्टिमच्या लायब्ररीमार्फत, म्हणजे एनएसस्विचच्या क्रमाने. त्यामुळे ‘एनएसलुकअपला तर नाव मिळतंय’ हा पुरावा निम्माच. इन्स्टॉलरला काय दिसतं ते बघायचं तर ‘गेटएंट होस्ट्स’ ही कमांड चालवावी. हे कळण्याआधी अनेकांची एखादी रात्र जातेच.

नाव मिळालं तरी ते योग्य पत्त्यावर मिळायला हवं. रेड हॅट या लिनक्सचे जुने इन्स्टॉलर होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव १२७.०.०.१ च्या, म्हणजे मशीनने स्वतःशीच बोलायच्या ‘लूपबॅक’ पत्त्याच्या, ओळीतच लिहून ठेवायचे. डेबियन हे दुसरं लिनक्स त्यासाठी १२७.०.१.१ हा लूपबॅक पत्ता वापरतं. पक्का पत्ता नसलेल्या मशीनवरही नाव सापडावं, हा हेतू रास्तच. पण डेटाबेसचा लिसनर (जोडण्या स्वीकारणारा प्रोग्रॅम) त्या नावावरून पत्ता काढून लूपबॅकवर बसला, की सर्व्हरवरून जोडणी होते आणि बाहेरून होत नाही. अशा वेळी फायरवॉल उगाच बदनाम होते.

नावाच्या अक्षरांचे नियमही त्याच जमान्यातले. १९८५ च्या आरएफसी ९५२ या इंटरनेटच्या नियमपत्रकानुसार होस्टनेमचं, म्हणजे मशीनच्या नावाचं, पहिलं अक्षर अंक नसावं. १९८९ मध्ये आरएफसी ११२३ ने ती अट सैल केली. अंडरस्कोरला (_) परवानगी दोन्हींत नाही, तरी लोक होस्टनेममध्ये तो घालतातच.

२००९ मध्ये ओरॅकल ११जी रिलीज २ ने क्लस्टरसाठी, म्हणजे एकच डेटाबेस मिळून चालवणाऱ्या सर्व्हरच्या गटासाठी, ‘स्कॅन’ आणलं: एक नाव, शक्यतो तीन पत्ते, आळीपाळीने. हे काम डीएनएसचं. होस्ट्स फाइलवर ते भागवू नका, असंच ओरॅकलचंही सांगणं. म्हणजे तिथे तरी फाइल मागे पडली म्हणावी, तर कंटेनर आले, म्हणजे एकाच मशीनवर एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवलेले प्रोग्रॅम. ते चालवणारा डॉकर आजही कंटेनर सुरू करताना सहसा त्याचं नाव आणि पत्ता होस्ट्स फाइलमध्येच लिहून ठेवतो.