सध्या काय ऐकतोय हे सांगणे

सध्या काय ऐकतोय हे सांगणे : या दिवसांत आपण कोणते संगीत ऐकत आहोत आणि का, हे दुसऱ्याला सांगण्याची रीत. ती शिफारशीच्या जवळची असली तरी शिफारस नव्हे. शिफारशीचा रोख समोरच्याकडे असतो, 'तू हे ऐकच.' इथे बोलणारा आधी स्वतःबद्दल सांगतो, 'गेले चार दिवस माझ्याकडे हेच चालू आहे.' समोरच्याने ते ऐकावे ही इच्छा असतेच, पण ती मागे उभी असते. या सांगण्यात 'काय' आणि 'का' असे दोन भाग येतात आणि त्यांतला दुसराच मोलाचा आहे. नुसते नाव ही माहिती झाली, ती यंत्रही देते. कारण मात्र ज्याने ऐकले त्यालाच सांगता येते.

हे कारण सांगणे सोपे नसते. पुष्कळदा माणूस 'मस्त आहे', 'भारी आहे' यापुढे जात नाही. त्याला काही वाटलेले नसते असे नाही. कोणत्या क्षणी वाटले ते त्याने धरून ठेवलेले नसते. मराठीत यासाठी 'जागा' हा नेमका शब्द आहे. 'ही जागा ऐक' असे कुणी म्हणतो तेव्हा गाण्यातला एखादाच सेकंद त्याच्या मनात असतो. आवाज वर जाता जाता किंचित कापतो तो क्षण, दुसऱ्या अंतऱ्यानंतर ठेका थांबतो आणि नुसती बासरी उरते ती जागा, शेवटच्या ओळीआधी घेतलेला श्वास. अशी जागा दाखवून दिली की ऐकणाऱ्याचे कान तिथे उभे राहतात. दुसऱ्या तऱ्हेची कारणे गाण्याबाहेरची असतात. रात्रपाळीहून परतताना लागलेले गाणे, गेलेल्या माणसाच्या तोंडी असलेली चाल, आजारपणात जी एकच गोष्ट सहन झाली ती. ही कारणे गाण्याविषयी फारसे सांगत नाहीत, माणसाविषयी मात्र खूप सांगतात. चांगल्या सांगण्यात बहुधा दोन्ही मिसळलेली असतात आणि ती वेगळी काढायचा आग्रह धरू नये.

ध्वनिमुद्रण नव्हते तेव्हा 'काय ऐकतोस?' हा प्रश्नच पडत नसे. गाणे चालू असेल तर ते आसपासच्या सगळ्यांच्या कानावर पडायचे, आणि संपले की तसेच्या तसे पुन्हा कुणालाच ऐकता येत नसे. १८७७ मध्ये एडिसनने फोनोग्राफ हे आवाज नोंदवून पुन्हा वाजवणारे यंत्र बनवले आणि एकट्याने, हवे तेव्हा, पुन्हा पुन्हा ऐकण्याची वाट उघडली. तरीही सोबतीने ऐकण्याची ओढ यंत्रातही शिरली. २३ नोव्हेंबर १८८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या 'पॅले रॉयाल' या मद्यगृहात लुई ग्लास यांनी नाणे टाकून वाजणारा फोनोग्राफ ठेवला. त्याला स्टेथोस्कोपसारख्या चार नळ्या होत्या. चार अनोळखी माणसे एकाच यंत्राभोवती उभी राहून तेच संगीत आपापल्या कानात ऐकू शकत.

नभोवाणीवर श्रोत्यांच्या फर्माइशी वाचल्या जाऊ लागल्या, पण त्यांत बहुधा नावे आणि गावेच असत. कारणाला खरी जागा दिली ती बीबीसीच्या 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' या कार्यक्रमाने. रॉय प्लम्ली यांच्या कल्पनेतून २९ जानेवारी १९४२ रोजी तो सुरू झाला आणि आजही चालू आहे. निर्जन बेटावर अडकलात तर कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका सोबत न्याल, हा मुख्य प्रश्न. पाहुणे गाण्याबद्दल बोलता बोलता आईबद्दल, युद्धाबद्दल, पहिल्या नोकरीबद्दल बोलू लागतात. सरळ विचारले असते तर यातले किती हाती लागले असते कोण जाणे.

या रीतीचा सर्वात हाताळता येणारा काळ कॅसेटचा. फिलिप्सने १९६३ मध्ये ती बाजारात आणली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत स्वतः गाणी निवडून दुसऱ्यासाठी कॅसेट भरणे ही घरोघरची गोष्ट झाली. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. साध्या टेपरेकॉर्डरवर ती भरायची तर तेवढा वेळ यंत्रापाशी बसणे भाग होते, म्हणजे देणाऱ्याला प्रत्येक गाणे पुन्हा पूर्ण ऐकावे लागे. बाजू संपता संपता सव्वातीन मिनिटे उरलेली आणि मनातले गाणे चार मिनिटांचे. मग छोटे गाणे शोधा, नाहीतर शेवट तुटू द्या. आतल्या कागदावर बारीक अक्षरांत नावे लिहायची. शेवटी कॅसेटच्या मागच्या कडेवरची प्लास्टिकची चौकोनी टिकली स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने मोडून टाकायची, म्हणजे चुकून कुणी त्यावर दुसरे काही भरणार नाही. अशा कॅसेटमध्ये कारण शब्दांत क्वचितच लिहिलेले असे, पण गाण्यांच्या क्रमात ते असायचे. कोणत्या गाण्यानंतर कोणते ठेवले, हेच पत्र होते.

जुलै १९७९ मध्ये आलेल्या सोनीच्या पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन खाचा होत्या. शिवाय एक नारिंगी बटण होते. ते दाबले की संगीत हळू होई आणि दोघांना मायक्रोफोनमधून एकमेकांशी बोलता येई. ही सोय पुढे मागे पडली. वायरच्या इअरफोनची एकेक बाजू वाटून घेणे मात्र टिकले. त्यात एक गंमत होते. १९६० च्या दशकातल्या अनेक स्टिरिओ मुद्रणांत गायकाचा आवाज एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला ठेवलेली असत. त्यामुळे खांद्याला खांदा लावून बसलेल्या दोघांपैकी एकाच्या कानात गाणे आणि दुसऱ्याच्या कानात ताल, असेही घडते.

संगणकाने 'काय' हा भाग आपोआप केला. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात रिचर्ड जोन्स या विद्यार्थ्याने केलेला 'ऑडिओस्क्रॉबलर' हा प्रकल्प वाजलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद ठेवी. २००५ मध्ये तो लास्ट एफएम या संगीताच्या संकेतस्थळात विलीन झाला. गाणे निम्मे वाजले किंवा चार मिनिटे वाजले की ते 'ऐकले' असे त्यात धरतात. २०१६ पासून स्पॉटिफाय दर वर्षअखेरीस प्रत्येकाला त्याच्या ऐकण्याचा गोषवारा देते आणि लोक तो हौसेने मित्रांना दाखवतात. हे हिशेब खरे असतात, पण अपुरे असतात. बाळ झोपावे म्हणून शंभरदा लावलेली अंगाई आणि एकदाच ऐकून दिवसभर सुन्न करणारी रचना यांत यंत्राच्या लेखी अंगाईच जिंकते.

आकडे ऐकणाऱ्याला कुठे नेतात हे सॅलगॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसले. १४,३४१ जणांपुढे अपरिचित बँडची ४८ गाणी ठेवली. काहींना इतरांनी किती वेळा गाणे उतरवून घेतले तो आकडा दिसत होता आणि त्यांचे आठ स्वतंत्र गट होते. आकडा दिसला की थोडी गाणी फार वर जात आणि कोणती जातील ते गटागणिक बदले. एका गटात पहिले आलेले गाणे दुसऱ्यात चाळिसावे होते. या प्रयोगात कुणीही कुणाला कारण सांगितले नव्हते.

कारणाची गरज का पडते, याचे उत्तर वेगळ्याच अभ्यासात सापडते. अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झाटोरे या मेंदूच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत काय घडते ते तपासले. प्रत्येकाने आपल्याला हमखास शहारे आणणारे संगीत स्वतः आणले होते. तुलनेसाठी त्याला दुसऱ्या कुणाचे तरी असेच लाडके संगीत ऐकवले आणि ते त्याला तसे हलवत नव्हते. एकाचा काटा दुसऱ्याच्या अंगावर आपोआप येत नाही. मधले अंतर बोलूनच कापावे लागते.

सांगण्यात संकोचही असतो. आवड हसण्यावारी नेली जाईल या भीतीने लोक खरे ऐकणे लपवतात आणि शोभेलसे नाव पुढे करतात. म्हणून तर गाणी ऐकवणाऱ्या अनेक सेवांत नोंद न ठेवता ऐकण्याची सोय असते. विशेषतः पोरवयात एकदा झालेली थट्टा माणसाला कित्येक वर्षे गप्प करते. म्हणून ऐकणाऱ्यावरही काही जबाबदारी येते. गाणे लगेच, सांगणाऱ्याच्या समोर ऐकून तोंडदेखली दाद देण्यापेक्षा दोन दिवसांनी 'ती बासरीची जागा सापडली' एवढे कळवणे अधिक बरे. आवडले नाही तर तेही सांगावे, फक्त कुठे मन लागले नाही ते सांगावे.

काही जण यासाठी वही ठेवतात. तारीख, गाण्याचे नाव आणि पुढे एक ओळ, बस. काही वर्षांनी तीच रचना पुन्हा वहीत येते तेव्हा पूर्वीची ओळ उलगडून पाहता येते. आधी लिहिलेले असते, 'ठेक्यासाठी'; आता त्याच नावापुढे, 'आवाज थकलाय, तरी सूर सोडत नाही.'