गोमेच्या विषातली जनुकं: उशिरा लागलेला शोध

गोम चावली की काय होतं हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तिच्या विषातल्या पेप्टाइडांची (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांची) जनुकं मात्र 2010 नंतरच खऱ्या अर्थाने हाती लागू लागली. साप, विंचू आणि कोळी यांच्यावर तोवर ढीगभर काम झालं होतं. गोमेची पाळी उशिरा आली, कारण तिच्यातून विष निघतं ते अगदी थोडं. ती ज्या नख्यांनी चावते ते मुळात पायच, रूप बदललेले, आणि विषग्रंथीही त्यांच्याशीच जोडलेल्या.

आरएनए, म्हणजे पेशीत बनणारी जनुकाची प्रत, वाचण्याचं तंत्र (क्रमवाचन) स्वस्त झालं आणि कोंडी फुटली. ग्रंथी रिकामी केली की पेशी पुन्हा विष बनवायला लागतात. त्या सुमारास तिथला आरएनए वाचला की कोणती जनुकं कामात आहेत ते कळतं. पण ग्रंथीत सापडलेलं प्रत्येक जनुक विषाचं नसतं, म्हणून ही यादी मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखण्याच्या तंत्राने) प्रत्यक्ष विषाशी ताडून पाहावी लागते. खरी पंचाईत त्यापुढे: अनेक क्रम इतर प्राण्यांच्या कुठल्याच ज्ञात विषाशी जुळत नाहीत. मग सिस्टीन हे अमिनो आम्ल साखळीत कुठे आणि किती, यावरून पेप्टाइडांची कुटुंबं लावायची.

2012 मध्ये चिनी संशोधकांनी स्कोलोपेन्ड्रा सबस्पायनिपेस म्युटिलान्स या गोमेच्या विषातून चेताविषांसारखी (मज्जासंस्थेवर मारा करणाऱ्या विषांसारखी) 26 पेप्टाइडं वेगळी केली. 2014 मध्ये आणखी एक चक्रावणारी गोष्ट दिसली: काही आरएनए प्रती एकच नव्हे, अनेक पेप्टाइडं एकत्र घेऊन येतात. जनुकं मोजताना ही बाब सुटली तर हिशेब चुकलाच. 2015 मध्ये एका विषकुटुंबाचं मूळ संधिपाद प्राण्यांच्या एका संप्रेरकात सापडलं. कोळ्यांनीही तेच संप्रेरक स्वतंत्रपणे विषात वळवलं होतं.

कार्य उलगडण्याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण 2018 चं. गोमेच्या विषातलं एसएसटीएक्स हे 53 अमिनो आम्लांचं पेप्टाइड केसीएनक्यू पोटॅशियम वाहिन्या, म्हणजे चेतापेशी आणि हृदय यांच्या कामाला लागणारे पोटॅशियमचे मार्ग, बंद करतं. सुमारे 3 ग्रॅमची गोम 15 पट वजनाच्या उंदराला अर्ध्या मिनिटात कशी लोळवते, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे.

2021 मध्ये तर वंशवृक्षांवरून असं दिसलं, की विषातली काही प्रथिनकुटुंबं गोमेच्या पूर्वजांची नाहीतच. त्यांची जनुकं जीवाणू आणि बुरशीसारख्या जीवांकडून आली, तीही वेगवेगळ्या वेळी.