आफ्टरबर्नर: उरलेल्या ऑक्सिजनची आग

जेट इंजिनात शिरलेल्या हवेतला बराचसा ऑक्सिजन न जळताच मागून निघून जातो. तो सगळा वापरायचा म्हणून इंधन वाढवावं, तर टर्बाइनची, म्हणजे तापलेल्या झोताने फिरणाऱ्या चक्राची, पाती उष्णतेपुढे तग धरत नाहीत. सुरुवातीच्या इंजिनांत तर ८०० अंशांच्या आसपासच त्यांची परीक्षा असे. मग टर्बाइनच्या मागे, जिथे फिरणारं काहीच नाही तिथे, पुन्हा इंधन जाळलं तर? आफ्टरबर्नर तो हाच.

गंमत अशी की मागच्या नळीत इंधन जाळण्याची ही युक्ती टर्बाइनच नसलेल्या विमानातही उडाली. सेकोंदो काम्पिनी या इटालियन अभियंत्याच्या विमानात पिस्टन इंजिन हवा दाबणारा कॉम्प्रेसर फिरवायचं आणि दाबलेल्या हवेत शेपटीकडे इंधन पेटायचं. २७ ऑगस्ट १९४० ला ते उडालं. वेग मात्र ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या घरातला. त्या काळची पंख्याची लढाऊ विमानं त्याला सहज मागे टाकत. ब्रिटनमध्ये फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनाला ‘रीहीट’ (आफ्टरबर्नरचंच ब्रिटिश नाव) जोडून माइल्स एम.५२ हे विमान ताशी हजार मैलांनी पळवायचा बेत होता. तो १९४६ मध्ये गुंडाळला गेला.

कल्पना सोपी, घाम फोडला तो ज्योतीने. झोत सेकंदाला शेकडो मीटर वेगाने धावतो, त्यात आग टिकणार कशी? आधी नळी रुंद करून झोत मंदावला. मग इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या पन्हळी कड्या आडव्या बसवल्या. त्यांच्या आडोशाला भोवरे तयार होतात आणि ज्योत तिथे तग धरते. वाऱ्यात काडी पेटवताना आपण हाताचा आडोसा धरतो, तसंच. तापलेला वायू फुगतो, म्हणून मागचं नोझल, म्हणजे झोत बाहेर पडण्याचं तोंडही, रुंद उघडावं लागतं. नाहीतर दाब उलटा चढून कॉम्प्रेसर गुदमरतो. काही वेळा ज्वलन कर्कश किंचाळू लागे आणि त्या कंपनांनी भाग फाटत. त्यावर भोकं पाडलेल्या अस्तराचा उपाय निघाला.

रेट्याचं गणित वर्गमुळाचं आहे: झोताचं केल्विनमधलं तापमान दुप्पट झालं, तर वेग साधारण १.४ पट. सोव्हिएत मिग-१७एफच्या इंजिनाचा रेटा त्यामुळे २,६०० किलोंवरून ३,३८० वर गेला. टर्बोफॅनमध्ये, म्हणजे पुढच्या पंख्याने काही हवा गाभ्याबाहेरून नेणाऱ्या इंजिनात, बाजूने आलेली थंड हवा झोतात मिसळते, तापवायला वाव जास्त. सुखोई-२७ चं एएल-३१एफ ७,७०० च्या आसपासून १२,५०० वर जातं. इंधन मात्र तीन-चार पट ओतावं लागतं, म्हणून वैमानिक तो मिनिटांच्या हिशेबाने वापरतात.

ध्वनीहून वेगवान प्रवासी विमान काँकर्डने हा हिशेब चोख पाळला. उड्डाणाला रीहीट, नंतर ध्वनीची वेस ओलांडताना पुन्हा, आणि माक १.७ ला (ध्वनीच्या १.७ पट वेगाला) बंद. पुढचा समुद्र त्याविनाच. त्याचा सोव्हिएत प्रतिस्पर्धी टीयू-१४४ च्या पहिल्या इंजिनांना मात्र ध्वनीपलीकडचा वेग टिकवायलाही आफ्टरबर्नर लागे, आणि पल्ला तिथेच आटला.